विसातली दहा

॥ श्री ॥

बुधवारा, बऱ्हाणपूर
१० मे २०२५

ती. गजानन दादा यांस,

धाकट्या निर्मलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ऐकायचं मशीन तुम्ही कानाला लावत नाही. वहिनी मधे बसून माझं बोलणं तुम्हाला ओरडून सांगतात, पण त्यात निम्मं त्यांच्या मनाचं असतं. त्यापेक्षा पोस्टमन बरा, म्हणून हे पत्र.

इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचा भाचा रोहित आखाजीला, इकडच्या भाषेत अक्षय तृतीयेला, इंदूरहून आला, चार दिवस आमरस-पुरणपोळी हाणून परत गेला. उन्हाचं तर विचारूच नका. दुपारी बुधवाऱ्यात कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मी सध्या आमच्या केळीच्या टिश्यू कल्चर कोर्साचा रिजल्ट लावून राहिले आहे, आणि त्यात एक घोळ झाला आहे. चौदा मुलं आहेत. लेखी पन्नास गुण, लॅबमधलं काम वीस, जर्नल दहा, आणि उरलेले वीस रोपं जगवण्याचे. बाटलीत वाढवलेली वीस रोपं प्रत्येकाला ट्रेमध्ये लावून दिली होती. जितकी जगतील तितके गुण, असा नियम मी स्वतः केला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पण आखाजीच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या शेडची मोटर जळाली. पाणी घालणार कोण? मग मी ट्रे ज्याच्या त्याच्या घरी देऊन टाकले आणि आठ तारखेला मोजायला आणा म्हणून सांगितलं.

दादा, माझी पोरं काय सांगू! कोणाची वीसच्या वीस, कोणाची एकोणीस. या उन्हात! मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली. आणि शेवटी निंबोल्याची रंजिता रिकामा ट्रे घेऊन उभी राहिली. ती आईसोबत रावेरला मामाकडे गेली होती. मागे तिच्या आजीनं, मालूबाईनं, आखाजीचा मुहूर्त साधून वीसही रोपं सरळ वावरात लावून टाकली.

आता नियमानं तिला शून्य. मग बाकीचे धरून एकूण एकोणपन्नास होतात, म्हणजे सी ग्रेड. गावाबाहेरची एक लॅब आमच्या मुलांतून दोघांना कामावर घेणार आहे, पण साठ गुण म्हणजे बी ग्रेड असेल तरच. बारावीनंतर दोन वर्षं ही पोरगी रस्त्यावर केळीच्या पेट्या भरायची. लॅबचं नाव काढलं की तिचा चेहरा असा उजळतो की काय सांगावं. ट्रे मी घरी दिला, भोगणार ती. मी फार परेशान आहे. तुम्ही जन्मभर कृषी शाळेत मास्तरकी केली, तुम्हीच सांगा.

वहिनींना नमस्कार, छोट्या सायलीला गोड पापा. रागवायचं तर रागवा, पण माया आटू देऊ नका.

तुमची
निर्मला


पारोळा
१६ मे २०२५

चि. सौ. निर्मला हीस,

दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मराठीत हिंदी इतकं शिरलं आहे की परेशान मी झालो. मशीन कानात शिट्टी वाजवतं, म्हणून लावत नाही. तुझी वहिनी तर म्हणते, मशीनशिवाय मी जास्त शहाणा वाटतो.

आता कामाचं. नियम तू केलास, सह्या घेतल्यास, तेव्हा तो पाळणं आलं. पण नियमात जगलेली रोपं मोजायची असं आहे ना? मग वावरातली रोपं मेली असं तुला कोणी सांगितलं? न बघता शून्य लिहू नकोस. निंबोला काही सातासमुद्रापलीकडे नाही. ऊठ, आणि जाऊन मोज.

हे मी शहाणपण म्हणून लिहीत नाही. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका पोराचा कांद्याचा वाफा मुख्याध्यापकांच्या शेळीनं साफ केला. तपासणीच्या दिवशी वाफा रिकामा होता, मी शून्य दिलं. शेळीचं सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. पोरगं नापास झालं आणि शाळा सुटली त्याची. मागच्या वर्षी एरंडोलच्या स्टँडवर भेटला. पाया पडला गं माझ्या. मला मान वर करवेना.

एक गोष्ट मात्र खटकते. मे महिन्यात, घरच्या ओसरीवर, टिश्यूची विसातली एकोणीस रोपं? आमच्या काळी नर्सरीवाल्यालाही हे जमत नसे. तुझी पोरं हुशार असतील, असोत बापडी.

जावईबापूंना नमस्कार. उन्हात जाशील तर डोक्याला बांधून जा. तुझ्यावर आहे तो जीव आहेच, वेगळा लिहीत नाही.

तुझा
दादा


बुधवारा, बऱ्हाणपूर
२३ मे २०२५

ती. दादा यांस,

निर्मलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं शेळीचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ह्यांच्या स्कूटरवर बसून निंबोल्याला गेले. हे वाटेत तीनदा म्हणाले की मास्तरीण मी आहे आणि ऊन ते खात आहेत.

मालूबाई म्हणजे एक वल्ली आहे. सत्तरी कधीच ओलांडली असेल, पण आवाज असा की तुम्हालाही मशीनशिवाय ऐकू जाईल. मी काही विचारायच्या आधीच तिनं मला फैलावर घेतलं. आखाजीला रोप घरात ठेवून देतात का कुठं, ट्रेमधल्या एवढ्याशा कपात त्याचा जीव घुसमटत होता, तुमच्या शाळेला एवढंही समजत नाही का, असं तिचं म्हणणं. मग तिनंच ताक दिलं आणि वावरात नेलं.

पाहते तर काय, वीस खड्डे आणि विसांत वीस रोपं! प्रत्येकाला मावळतीकडून तुराट्यांचा आडोसा, बुडाशी ओला पाला. मला इतका आनंद झाला की तिथंच कागदावर वीस मांडले. एकोणपन्नास आणि वीस, एकोणसत्तर, बी ग्रेड! मी रंजिताकडे पाहून हसले. ती नाही हसली. मला वाटलं, पोरगी लाजाळू आहे.

मग ती आम्हाला सडकेपर्यंत पोचवायला आली आणि हे स्कूटर वळवायला गेले तेवढ्यात तिनं सांगितलं की त्यातली दहाच तिची आहेत. ती रावेरहून आली तेव्हा दहा रोपं करपून गेली होती. तिच्यादेखतच आजीनं तिथं दुसरी लावली. मृगबागेसाठी, म्हणजे जूनच्या लागवडीसाठी आणलेली टिश्यूचीच रोपं घरात पडून होती, त्यातली. ओळीत नांगा ठेवायचा नाही, मेलं की त्या जागी लगेच दुसरं लावायचं, हे आपल्याही आईनं शिकवलेलं. आजीच्या मनात काही पाप नाही, तिला कोणी विचारलंच नाही, असंही रंजितानं दोनदा सांगितलं. मग रडली.

दादा, एकोणपन्नास आणि दहा म्हणजे एकोणसाठ. एक गुण कमी! आणि ती बोलली नसती तर मला या जन्मी कळलं नसतं. आमच्या घरचं म्हणाल तर हे म्हणतात, जर्नलला आठ दिले आहेत, तिथं नऊ करून टाक आणि झोप. मी जर्नल पुन्हा उघडलं. आठाचंच आहे हो ते. चित्रं गिचमिड, दोन प्रयोगांच्या तारखा नाहीत.

पाच जूनला गुण द्यायचे आहेत. मला तर काहीच सुचत नाही. खरं बोलली म्हणून शिक्षा द्यायची, हे माझ्याच्यानं होणार नाही. आणि खोटा एक गुण द्यायचा म्हटलं तर बाकीच्या तेरांना काय तोंड दाखवू?

उत्तर लवकर धाडा. वहिनींना म्हणावं, दराब्याची मिठाई पाठवते आहे, दादांच्या हाती डबा लागू देऊ नका. आपला हात डोक्यावर असू द्या.

तुमची
निर्मला


पारोळा
२८ मे २०२५

चि. सौ. निर्मला हीस,

अनेक आशीर्वाद.

उशीर होऊ नये म्हणून स्पीड पोस्टानं धाडतो आहे. दराब्याचा डबा माझ्याच हाती पडला. वहिनीला त्यातलं निम्मं कळवलं आहे.

निमे, तू एकीच्या एका गुणात अडकून बसली आहेस. जरा मागे वळून बघ. मालूबाईनं नांगे भरले, कारण केळीच्या घरात तसंच करतात. मग बाकीच्या तेरा घरांत आया-आज्या नाहीत का? मृगबागेची रोपं फक्त मालूबाईच्याच घरी आली होती का? तुझी ती एकोणीस आणि वीस आता माझ्या घशाखाली उतरत नाहीत. तू रोपं मोजलीस, पण ती कोणाची होती ते विचारलंस का?

एकदा सगळ्यांना बोलावून विचार. चोर धरायला नव्हे. यात चोर कोणीच नाही. रोप मेलेलं आईला बघवलं नाही, एवढंच असणार. आणि माप खोटं निघालं तर ते एकीपुरतं दुरुस्त करू नकोस, सगळ्यांचं मिळून काढून टाक. यात तुझी फजिती होईल हे मला दिसतं आहे. मी तुझ्या जागी तीस वर्षांपूर्वी असतो तर गप्प बसलो असतो, हेही लिहून ठेवतो.

शांतपणे घे. जेवण टाळू नकोस, लहानपणी फिकीर लागली की तू उपाशी बसायचीस. मी तुझ्या बाजूनं आहे, निकाल काहीही लागो.

तुझा
दादा


बुधवारा, बऱ्हाणपूर
९ जून २०२५

ती. दादा यांस,

निर्मलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोन तारखेला हाती पडलं आणि तीनला मी चौदाही मुलांना बोलावलं. रंजिताचं नाव न घेता सांगितलं की चूक माझी आहे, मी रोपं घरी द्यायलाच नको होती, कोणाला कोणी बोलणार नाही. फक्त चिठ्ठीवर लिहा, आपली स्वतःची रोपं किती जगली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चिठ्ठ्या उघडत गेले आणि खुर्चीत बसले. सात. पाच. आठ. चार. तेरा चिठ्ठ्यांत नवाच्या वर कोणाची गेलीच नाहीत. जैनाबादच्या मोहितनं लिहिलं की आईला विचारून सांगतो. रितेशचा ट्रे सगळ्यांत भारी होता, विसाच्या वीस. त्यानं तीन लिहिले. त्या पोरांना तोवर हे लपवण्यासारखं वाटलंच नव्हतं, दादा. घरोघरी नांगे भरले गेले आणि मी पाठ थोपटत बसले. तुम्हाला पारोळ्यात बसून दिसलं ते मला डोळ्यांपुढे असून दिसलं नाही, याची मला लाज वाटली.

आणि पहा, सगळ्यांत जास्त कोणाची? रंजिताची. त्यांची ओसरीच्या सावलीत, हिची भर उन्हात वावरात, तरी दहा.

मग योगेंद्र सरांकडे गेले. आमचे प्राचार्य. माणूस भला आहे, पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा स्वभाव. म्हणाले की कोणी तक्रार केलेली नाही, तर मॅडम कशाला उकरून काढता. मी ऐकलं नाही. तासभर डोकं लावल्यावर त्यांनी मान्य केलं: रोपं जगवण्याचे वीस गुण सगळ्यांचेच रद्द, बाकीच्या ऐंशीवर टक्केवारी. खऱ्या आकड्यांपेक्षा हे कोणालाच वाईट पडत नाही, मी चौदांचंही करून पाहिलं. पण नियोजनातली चूक माझी, असं मी लेखी द्यायचं. पुढच्या वर्षी हा कोर्स रश्मी मॅडमकडे. मी लिहून दिलं. घरी येऊन स्वयंपाकघरात रडले, हेही तुम्हालाच सांगते. सहा वर्षं उभा केलेला कोर्स होता माझा.

रितेशची बी ग्रेड गेली. चौसष्ट होते, ते पंचावन्न टक्के झाले. तीन खरे धरले असते तर सत्तेचाळीसच होते, पण हे त्याला कसं सांगायचं? त्यानं कागद पाहिला, घडी केली आणि नमस्कार करून गेला. त्याचं मला फार वाईट वाटतं.

रंजिताला ऐंशीपैकी एकोणपन्नास, म्हणजे एकसष्ट टक्क्यांच्या जरा वर. बी ग्रेड! परवा लॅबचं बोलावणंही आलं. पुढच्या सोमवारपासून जायचं आहे. मी तिला स्वतः गुणपत्रिका दिली. वाटलं, आता तरी हसेल. तिनं ती वरपासून खालपर्यंत वाचली. लेखी, लॅबचं काम, जर्नल. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. आणि अगदी हळू विचारलं, की मॅडम, मी जगवलेली दहा यात कुठं लिहिली आहेत?

दादा, तिला बी मिळवून द्यायला मी जो रकाना काढून टाकला, त्यातच तिची ती दहा होती. सगळ्या वर्गात खरी उतरलेली एवढी एकच गोष्ट, आणि ती कागदावर कुठंच नाही.

वहिनींना नमस्कार व सायलीला आशीर्वाद आठवणीनं सांगा. मन भरून आलं आहे म्हणून इथंच थांबते. आहे तशी मला सांभाळून घ्या.

तुमची
निर्मला