लहान खोलीतला रेडिएटर

प्रिय नेरिस,

तुझी फुलं पोचली. चॅपलमध्ये अगदी पुढे ठेवली होती, असं मला नंतर कळलं. मी पाहिली की नाही, आठवत नाही. तुझ्या बाबांना निरोप दिल्यावर हॅमची सँडविचेस होती. मी खाल्ली आणि शेजारच्या ब्रॉनवेनला म्हणाले, मोहरी जरा जास्तच झालीय. नुकताच नवरा गेलेल्या बाईने बोलायची ही गोष्ट? पण मला रडू येतच नाही. तू आली नाहीस याचा तरी राग येईल म्हणून वाट पाहिली, तोही आला नाही.

बाबांच्या मागोमाग घरभर गरम पाणी फिरवणारा हीटिंगचा पंपही गेला. मी कोट घालून घरात वावरत होते आणि घर गार पडलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही. ब्रॉनवेन आली ती दारातूनच ओरडली, "अगं बाई, घर आहे की बर्फातल्या मासळीचं दुकान!" तिनेच हीटिंग दुरुस्त करणाऱ्या गेथिनला बोलावलं. चांगला आहे, पण तोंडाची टकळी थांबत नाही. "मिसेस पी, तुमचा जुना पंप म्हणजे एका चालीचा घोडा. रेडिएटर उघडे असोत की बंद, हा आपला तेवढ्याच जोरात पाणी ढकलणार. नवा बघा, रेडिएटर बंद होत गेले की आपणहून हळू होतो. आणि सगळेच बंद झाले तर हा बायपास व्हॉल्व्ह उघडतो, पाणी मधूनच बॉयलरकडे परत." जन्मभर हीटिंगच्या फिटरशी संसार केलेल्या बाईला तो हे समजावत होता. मी मान हलवली.

तुला तर हे सगळं पाठ. बाबांच्या हाताखालीच शिकलीस ना. व्हॅनवर 'प्रॉसर आणि मुलगी' असं रंगवून घेतलं तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला बाहेर बोलावलं होतं. मग तू ऑस्ट्रेलियात, पर्थला निघालीस. "जिथे कुणाला धड हीटिंग लागत नाही तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस? जा, पण परत येऊ नकोस," असं म्हणाले, आणि 'आणि मुलगी' एवढंच स्वतः खरवडून काढलं. त्यानंतर तुझं नाव नाही. मी काढलं की उठून परसातले लीकच्या भाजीचे वाफे बघायला जायचे. पुढे मीही काढेनाशी झाले, आणि तुझ्या खोलीत जाणंही सोडलं.

परवा गेथिन वर गेला आणि हसायलाच लागला. रेडिएटरना खोली तापली की आपोआप बंद होणाऱ्या चाव्या असल्या तरी जुन्या पद्धतीत एक बिनचावीचा, कायम उघडा ठेवतात, म्हणजे पाण्याला वाट राहते. "तो सगळे बाथरूममध्ये ठेवतात. मिस्टर प्रॉसरांनी या रिकाम्या लहान खोलीत ठेवलाय! एवढा मुरलेला माणूस, आणि ही चूक?"

मला टॉवेल आठवले. तू गेलीस त्या हिवाळ्यापासून बाथरूममध्ये टॉवेल वाळेनासे झाले. मी कुरकुरायचे, स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर वाळत घालायचे. "सिस्टिमला तसंच लागतं, ग्लेनिस," एवढंच उत्तर. मी विश्वास ठेवला. तुझ्या खोलीतली चावी काढून त्यांनी बाथरूममध्ये बसवली होती, आणि उघडा रेडिएटर बाथरूममध्येच हवा हे तुला शिकवणारेही तेच. गेथिन गेल्यावर मी तुझ्या खोलीत जाऊन बसले. रेडिएटरच्या वरचा वॉलपेपर उष्णतेने तपकिरी पडलाय. इतके हिवाळे, नेरिस, घरातली सगळ्यात उबदार खोली तुझी होती. तेव्हाही मला रडू आलं नाही, पण बराच वेळ उठवलं नाही.

शुक्रवारी गेथिन उरलेलं काम करायला आला. आता नवा पंप आहे, व्हॉल्व्ह आहे, एकही रेडिएटर उघडा ठेवायची गरज नाही. तो तुझ्या रेडिएटरला बसवायची चावी घेऊनच वर निघाला होता. "तिथे कुणी झोपत नाही ना, मिसेस पी? मग उगाच कशाला तापवायची?" मला 'नाही' म्हणता येईना. विचारून सांगते, म्हणाले. ज्यांना विचारायचं ते तर गेले. म्हणून तुला विचारते आहे: बंद करू का?

तुझीच,
आई