तीन नंबरच्या शेजारी चौदा नंबर

४ मार्च, बुधवार

वहीबाई, परवा आपण कुठवर आलो होतो? नाही ना आठवत! पोटात एवढं लिहून ठेवलंय, तरी तुझं आपलं कोरंच. तुझ्यापेक्षा मी बरी — अक्षर एक येत नाही, पण ध्यानात सगळं.

सांगते मी, लिहिते सूनबाई. म्हणजे सुनेबद्दल कुरकुर करायची तर तीही तिच्याच हातून! (हसली. हेही लिही म्हटलं.)

तर आमच्या रस्त्याचा इतिहास लिहिताहेत. रिटायर हेडमास्तर पुढारी. पुस्तक छापणार, घरटी एक. कोडं एकच — घरांचे नंबर असे उलटसुलट का? तीनच्या शेजारी चौदा, चौदाच्या शेजारी नऊ. नवा पोस्टमन आठवड्यात रडकुंडीला येतो.

सूनबाईला म्हटलं, आज एवढंच पुरे.

७ मार्च, शनिवार

सभा आमच्याच व्हरांड्यात. हेडमास्तर म्हणाले, "काकू, तुम्ही जुन्यांतल्या. काही आठवतं?" म्हटलं, "मला हल्ली गुडघ्यांशिवाय काही आठवत नाही."

मग त्यांनीच शोध लावला! घरं ज्या क्रमाने बांधली त्या क्रमाने नंबर. टाळ्या! म्हणजे एक नंबरचं घर सगळ्यात जुनं. एक नंबर शिंप्याचा. तेव्हापासून शिंपी असा चालतोय, जसा काही कॉलरीत पुठ्ठा घातलाय.

समोरच्या घरातली माझ्याकडे बघत होती. माझ्याच वयाची, इतक्या वर्षांची मैत्रीण, चष्मेवाली, शिकलेली. मी नजर चुकवली.

८ मार्च, रविवार

शिंपी दारावर पाटी लावणार म्हणे — 'रस्त्यातले पहिले घर'. मी अर्ध्या ताटावरून उठले.

११ मार्च, बुधवार

बेकरीवाली पाव द्यायला आली. डोळे सुजलेले. "आजी, पहिलं घर माझ्या सासऱ्यांनी बांधलं. आणि पुस्तकात आम्ही अकरावे! हेडमास्तर म्हणतात, म्हाताऱ्यांचं वय झालंय, पुरावा हवा."

सासरे अंथरुणाला खिळलेत, पण कान शाबूत. पुस्तक छापून आलं की वाचून दाखवा म्हणून रोज मागे लागतात.

खरं त्यांचंच. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे त्यांचं एकच घर. आमच्या भिंती उठेपर्यंत आम्ही त्यांच्याच खोलीत राहिलो. शिंप्याचं घर झालं, तेव्हा माझ्या थोरल्याला दात येत होते!

पुरावा म्हणजे मीच — नंबर कसे लागले ते मला ठाऊक. पण ते सांगायचं तर माझं बिंग फुटतं. माझ्या वडिलांनी लग्न जमवताना ठोकून दिलं होतं — मुलगी चौथी पास. सासर, रस्ता, सगळे तेच धरून चाललेत. खरं ठाऊक फक्त आमच्या ह्यांना होतं, आणि आता सूनबाईला.

छपाई सोमवारी.

१२ मार्च, गुरुवार

सूनबाईला विचारलं, काय करू? म्हणाली, "आई, मी फक्त लिहिते." लबाड!

१५ मार्च, रविवार

सांगितलं! भर सभेत!

म्हटलं, रस्त्याला नंबर लागायचे होते तेव्हा नगरपालिकेचा माणूस आला ऐन दुपारी. पत्र्याच्या नंबरांचं गाठोडं आणि एक यादी. "बाई, वाचता येतं ना?" चौथी पास बाई नाही कशी म्हणेल? तो गाठोडं टाकून पसार. मी समोरचीला हाक मारली. यादी तिच्या हातात, हातोडा माझ्या. ती यादीत बघून "आता हे घर" म्हणे, मी हाताला लागेल तो नंबर ठोके. आकडा ओळखतंय कोण! गाठोड्यातला सगळ्यात वरचा शिंप्याला, कारण त्याच्या दारात सावली होती.

आधी शिंपीच म्हणाला, "म्हणजे मी एक नंबर सावलीमुळे?" आणि जो हसत सुटला! पाठोपाठ सगळे. हेडमास्तर डोकं धरून, "काकू, तीन महिने नकाशे चाळले मी!"

"मग मला विचारायचंत."

"विचारलं होतं!"

मी लग्न होऊन आले तेव्हा काय पाहिलं तेही सांगितलं, म्हणून आता पुस्तकात पहिलं घर बेकरीवाल्यांचं. नंबर मात्र आहेत तसेच राहणार, सगळ्यांनी हात वर केले. बेकरीवाली गळ्यात पडली, मग सासऱ्यांना सांगायला धावत गेली. माझ्या चौथीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

फक्त समोरची मधूनच उठून गेली. उगाच तिचं नाव घेतलं मी.

१६ मार्च, सोमवार

समोरची आली. दार आतून लावलं. म्हणाली, "तू भलतेच नंबर ठोकत होतीस. मी थांबवलं का नाही?"

"भिडेपोटी."

"भीड कसली डोंबलाची! अगं, यादी उलटी धरलीय की सुलटी, मला तरी कुठे कळत होतं!"

दोघी रडलो, मग पोट दुखेपर्यंत हसलो. घरी गेली आत्ताच. कालपासून जेवलेली नाही. सूनबाई, लिहिणं पुरे. दोन अंडी उकड, पावाला लोणी लाव आणि तिच्याकडे पाठवून दे. पावाच्या कडा काढ — कवळी चावत नाही तिची. आणि हे रस्त्यात कुणाला कळायला नको!