गालावरचा वण

एवारिस्तो,

रेडिओवर तुझा नवा टँगो ऐकला. गाण्यात म्हणे मी दगा दिला, अब्रूसाठी तू सुरी उपसलीस आणि गालावर वण घेतलास. शेजारची फिलोमेना म्हणाली, "देल्मिरा, तुझ्यापायी सुऱ्या चालल्या! नशीबवान गं बाई!"

मी इस्त्री फिरवत राहिले. ह्याच इस्त्रीनं मी तुझा गाल भाजला होता. मी कडक केलेल्या सदऱ्याच्या पाठीवर बेकरीवालीच्या पिठाळ हातांचे ठसे घेऊन आला होतास. दगा तुझा, जळफळाट माझा. तो मी कुणाला देणार नाही, तुझ्या गाण्यालाही नाही.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. अख्ख्या ब्यूनोस आयरेसमध्ये मर्द म्हणून मिरवतोस, ते माझ्या गप्प बसण्यावर. मिरव. दाढी करताना वण चुकवून वस्तरा फिरवशील, तेव्हा मीच आठवेन.

कुणापुढे न वाकलेली,
देल्मिरा