अंक सदुसष्टचे शुद्धिपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, तौलनिक धर्माभ्यासाच्या त्रैमासिकाची संपादक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आधी वस्तुस्थिती, क्रमाने.

एक. हे त्रैमासिक मी व माझ्या धाकट्या भावाने एक्केचाळीस वर्षांपूर्वी माझ्या जेवणाच्या टेबलावर सुरू केले. नियम दोनच: कोणत्याही धर्माची बाजू घ्यायची नाही आणि स्वतःची चूक लपवायची नाही. भाऊ बोलताना वाक्ये अर्धवट सोडी, म्हणून मी त्याला 'अर्धविराम' म्हणत असे.

दोन. अंक सदुसष्टमध्ये त्याचा लेख होता. नऊ वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्ष एका वाक्यात होता: 'अंत्यविधीतील प्रार्थना मृतांशी बोलते.'

तीन. शेवटच्या मुद्रितावर मी 'मृतांशी' खोडून 'मृतांसाठी' केले. मला तो हस्तदोष वाटला. त्याला विचारले नाही.

चार. त्या एका शब्दाने लेख स्वतःलाच खोडू लागला. समीक्षकांनी भावाचे हसे केले. तो शुद्धिपत्र मागायला आला, तेव्हा मी म्हणाले, "आधी अक्षर नीट काढायला शीक."

"सगळ्या धर्मांत प्रायश्चित्त आहे गं, ताई. तुला दोन ओळींचं शुद्धिपत्र जड जातंय?" असे म्हणून तो उठला. दारातून वळून म्हणाला, "आणि हे वाक्य मी पूर्ण केलंय, बरं का."

त्याला चोवीस वर्षे झाली. आम्ही बोललेलो नाही.

पाच. त्याचे हस्तलिखित माझ्यापाशी आहे. अक्षर स्वच्छ आहे.

आता व्यवस्था.

राहत्या तीन खोल्या व बँकेतील ठेव त्रैमासिकाकडे जावी. स्वयंपाकघरात अंक साठवू नयेत. भिंतीला ओल आहे.

ग्रंथसंग्रह विद्यापीठास द्यावा. मात्र ज्या विभागप्रमुखांनी एकच लेख मथळा बदलून मला दोनदा पाठवला, त्यांच्या हाती कपाटांची किल्ली पडू नये.

पितळी मोजपट्टी बांधणीकारास. बाविसाव्या वर्षाच्या खंडाचे समास त्याने तिरके कापले होते. मी विसरलेले नाही. त्यानेही विसरू नये.

संपादकपद, एकशे चौसष्ट अंकांचा मूळ संच आणि तो शब्द खोडणारी निळी पेन्सिल माझ्या भावास.

यासाठी कोणतीही अट नाही. पुढील मजकूर मी कालच छापखान्यात दिला आहे; तो माझ्या मरणाची वाट पाहणार नाही: 'अंक ६७, पृष्ठ ४१, ओळ १२: "मृतांसाठी"ऐवजी "मृतांशी" वाचावे. चूक संपादकाची, लेखकाची नव्हे.'

सही: संपादक

साक्षीदार:
१. तळमजल्यावरील डॉक्टरीणबाई. मला तपासून म्हणाल्या, "डोकं ठणठणीत आहे, हृदयाचं मात्र सांगता येत नाही."
२. त्रैमासिकाचे मुद्रितशोधक. त्यांनी या मसुद्यात स्वल्पविरामाच्या दोन चुका काढल्या. दोन्ही मान्य केल्या.

ठिकाण: तेच जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा ऑक्टोबर

प्रत: धाकट्या भावास.

अर्धविरामा, मी गेल्यावर तू माझ्यासाठी बोलावेस की माझ्याशी, हे तुझे तू ठरव. पण संपादकपद स्वीकारतोस की नाही, हे मी वाचायला असेन तोवर कळव. एका महिन्याच्या आत. लेखी. पूर्ण वाक्यात.