सरळ घरी न येणारा

एस्तान्सिया, ३ मार्च १९९७

चि. तोतो यास पुरिंग तियाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा सोडून मी ठीक आहे. तू मनिलाची हवा लिहिलीस, नेनिंगच्या मांजरीला पिल्लं झाली ते लिहिलंस, पण काम काय करतोस ते नाही लिहिलंस. नोकरी चांगली आहे, जूनमध्ये कायम करणार आहेत, एवढंच. तुझ्या मावशीने दुसरी पुरी नाही केली, पण एवढं कळतं मला. चांगल्या कामाला नाव असतं.

म्हणे कायम करणार! बुटांच्या कारखान्यात पाच महिने, मग घरी. कपड्यांच्या दुकानात पाच महिने, मग घरी. कोंबडी तळायच्या हॉटेलात तर साडेचारच. सहा महिने भरले की कायम करावं लागतं, म्हणून सगळे पाचव्यात हाकलतात, हे इथे मासळी वाळवणाऱ्या बायकांनाही ठाऊक आहे. तुझाच मालक तेवढा देवमाणूस निघाला?

नेनिंगला मी विचारून घेतलं. ती आधी माझी मैत्रीण, मग तुझी घरमालकीण. ती कळवते की तुझ्या शर्टाला दवाखान्यासारखा वास येतो. आणि कामावरून सुटलास की सरळ घरी येत नाहीस. समोरच्या बेकरीत टेकतोस, एक पाव खातोस, मग जिना चढतोस. रोज. तिला वाटतं, बेकरीवाल्याची पोरगी. मला नाही वाटत. पोरीसाठी माणूस केस तरी विंचरतो.

मयताहून आपण सरळ घरी येत नाही, वाटेत कुठेतरी टेकतो, म्हणजे गेलेला माणूस पाठीमागे घरात शिरत नाही. मीच शिकवलं तुला. पण रोज उठून मयत कुणाचं? कोण मरतंय तिथे, आणि त्यात तुझा हात काय? खरं लिही. नाहीतर पुढच्या बोटीने येते. मला बोट लागते, तेव्हा उतरेन ती रागातच उतरेन.

माया आहे म्हणून ओरडते, हे धरून राहा.
तुझी तिया


सांपालोक, मनिला, १९ मार्च

ती. तिया, नमस्कार म्हणून तुझा हात माझ्या कपाळाला लावतो.

मी कुणाला मारलं नाही. जे आधीच गेलेत त्यांचं करतो. पुनेरार्यात आहे मी, मयताची सगळी तयारी करून देतात त्या दुकानात. मयत धुणं, औषध भरून टिकवणं, कपडे घालणं, चेहरा नीट करणं. मुलगा सौदीहून येईपर्यंत आईला आठ-दहा दिवस ठेवावं लागतं, ते आमचं काम. डिसेंबरात मयताच्या पेट्या उचलायला लागलो होतो. मालकीण व्हिलारुएलबाई म्हणाल्या, तुझा हात थरथरत नाही, हे शीक. पुढे सरकारी परवान्याची परीक्षा द्यायला लावणार आहेत.

तू घाबरशील म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहावंच लागतंय. इथे पाचव्या महिन्यात मालकीण काढत नाही. घरचे येऊन पोराला ओढून नेतात. शिकवून तयार केलेले तिघे असे गेले. म्हणून बाईंना घरच्या मोठ्या माणसाच्या हातचं पत्र हवंय की आमची हरकत नाही. ते आलं तरच एक जूनला कायम. मला मोठं माणूस तूच.

रागावलीस तरी उत्तर पाठव.
तुझा तोतो (जुवेनाल)


एस्तान्सिया, ७ एप्रिल

चि. तोतो यास आशीर्वाद, पण मोजूनच.

पत्र मिळणार नाही. तुला लहानाचा मोठा केला तो मेलेल्यांचे केस विंचरायला? तुला बायको कोण देणार? त्याच हातांनी माझ्या ताटात भात वाढणार?

आणि ही बाई कोण? आजवर कुठल्या मालकाने माझं नाव तरी विचारलं होतं? आज हिला माझ्या हातचा कागद पाहिजे. उद्या काही कमी-जास्त झालं की ती तोच कागद काढून दाखवेल, बघा, तियानेच कबूल केलंय. मी अडाणी आहे, मूर्ख नाही.

इथे मासळी वाळवायला जागा आहे. ये.
अजूनही तुझीच, तिया


सांपालोक, २२ एप्रिल

ती. तिया, तुझा हात माझ्या कपाळाला.

मासळी वाळवायला येईन, पण पाच महिन्यांनी तूही हाकलशील.

गेल्या आठवड्यात एक म्हातारी आली. तिचा भांग कुठल्या बाजूला असायचा हे मी शेजारणीला विचारून घेतलं आणि तसाच पाडला. नऊ दिवसांनी मुलगा आला. बघत उभा राहिला आणि म्हणाला, ही माझीच आई. मग त्याने माझं नाव विचारलं. तिया, हॉटेलात माझ्या छातीवर नावाची पट्टी होती, तरी कुणी वाचलं नाही.

भाताचं म्हणशील तर हातमोजे घालतो. बायकोचं मला माहीत नाही. मला इथेच राहायचंय. तू नाही म्हणालीस तर एक जूनला पुन्हा रस्त्यावर.

विसरू नको मला.
जुवेनाल


एस्तान्सिया, १२ मे

श्रीमती व्हिलारुएल यांस पुरिफिकासिओन गालेनो हिचा नमस्कार.

मागच्या सोमवारी एक जाडी बाई तुमच्याकडे पेट्यांचे भाव विचारत तासभर बसली होती. ती मी पाठवली होती, माझी मैत्रीण नेनिंग, पोराची घरमालकीण. तिला पेटी नकोय, ती ठणठणीत आहे. तिने सगळं पाहून घेतलं. जमीन धुतलेली होती म्हणाली. आमचा पोरगा कुणाच्या तरी आजोबांच्या शर्टाची गुंडी लावत होता, आणि त्यांच्याशी हळू बोलत होता, आता कॉलर हं, आता हात हं, असं. ती मला फोनवर सांगताना रडली. मी नाही रडले. मी विचारलं, हातमोजे होते का? होते म्हणाली.

तर मी लिहून देते. जुवेनाल माझ्या बहिणीचा मुलगा. त्याने हे काम करायला माझी हरकत होती, आता नाही. मी त्याला ओढून न्यायला येणार नाही. परीक्षेच्या दिवशी त्याला पेट्या उचलायला लावू नका.

आता तुमची पाळी. तुम्हाला घरच्यांची भीती, मला मालकांची. एक जूनला कायम केलं आणि हाकलणार नाही, असं तुमच्या हातचं मलाही पाठवा. ते येईपर्यंत माझं हे पत्र कच्चं धरा.

माझी सही वाकडी येते, म्हणून शेजारी अंगठाही उठवलाय. तुमच्या कागदावरही दोन्ही पाहिजेत.

पोरावर लोभ ठेवा. माझ्यावर नाही ठेवला तरी चालेल.
पुरिफिकासिओन गालेनो