हिरव्या टिकांचा वर्ग

२ जुलै, सोमवार
शाळेत ब्लेंडेड लर्निंग आलं. म्हणजे थोडं टॅबवर, थोडं सरांकडून. मुख्याध्यापिका बाईंनी तिसरीचा वर्ग निवडला. म्हणजे मला निवडलं. बावीस वर्षांच्या नोकरीचं चीज झालं. दुसरीच्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणी हातच वर केला नव्हता. जळतात.
वर्गाचे तीन कोपरे केले : टॅब-कोपरा, वही-कोपरा, सर-कोपरा. सर-कोपऱ्यात रोज सहा मुलांचं वाचन मी स्वतः ऐकणार. मुलं अठ्ठावीस, आठवड्यात सगळी होतात. आभाळ कोसळलं तरी हा नियम मोडणार नाही. खाली सही करून ठेवतो.

५ जुलै
टॅबमधली बाई प्रश्न वाचून दाखवते. आवाज अगदी कोरडा. पोरं बिचकतात. म्हटलं, माझा आवाज घाला. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, प्रश्न आणि तिन्ही पर्याय वेगवेगळे रेकॉर्ड करावे लागतील, आणि प्रश्न सहाशे आहेत. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना!
आज वाचन ऐकलं : सहा मुलांचं.

८ जुलै, सकाळी सहा
कपाटात तोंड, डोक्यावर रजई. चाळीस प्रश्न रेकॉर्ड झाले. हिने दार उघडून विचारलं, बरं आहे ना तुम्हाला? समजावून सांगितलं. तर तिथेच बसली, डोळे मिटून ऐकलं आणि ओळीने पाच उत्तरं बरोबर दिली. म्हणे, प्रश्न कळलाच नाही मला, पण बरोबर पर्यायावर तुमचा आवाज गोड होतो. चहा हवा असला की होतो तसा.
त्याला माया म्हणतात. बदलणार नाही.

२० जुलै
सहाशे पूर्ण. डॅशबोर्ड, म्हणजे टॅबवरचा सगळ्यांच्या गुणांचा तक्ता, बघितला, डोळ्यांचं पारणं फिटलं. सगळ्यांपुढे बरोबरच्या हिरव्या टिका! आणि पहिली कोण? मुंगी! खिडकीजवळची, वर्गात सगळ्यात लहान, म्हणून मुंगी. जूनमध्ये तिला घ आणि ध वेगळा कळत नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी नाद सोडला होता. आज वाचनात शंभर टक्के.
या आठवड्यात ऐकलेलं वाचन : दोन मुलांचं. माहितीचे तक्ते भरायचे होते. टिका हिरव्या असताना उगाच ऐकत कशाला बसायचं?

३ ऑगस्ट
वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. अठ्ठावीस हेडफोन. सगळ्या माना एकाच बाजूला कललेल्या. गंमत म्हणून तोंडी विचारलं, उंट कुठे राहतो, बर्फात, वाळवंटात की झाडावर? सगळ्यांनी डोळे मिटले. माना कलल्या. माझं वाळवंट बोलून होईपर्यंत कुणाचा श्वाससुद्धा ऐकू आला नाही. मग एका सुरात उत्तर. केवढी एकाग्रता!
दारात दुसरीच्या बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, अंगावर काटा आला. शिस्त बघून येतोच. जाताना म्हणाल्या, घोडामैदान जवळच आहे. कसलं घोडामैदान, ते सांगितलं नाही.

१० ऑगस्ट
मुंगीचे वडील येऊन गेले. शिंपी आहेत. डावा डोळा लहानपणापासून अधू, उजव्याचं ऑपरेशन सतराला. नंतर पट्टी, आणि दिवसातून चार वेळा थेंब. आई कारखान्यात दुपारच्या पाळीला, त्यामुळे दुपारपासून थेंब मुंगीच घालणार. घरात आईच्या कानाचेही थेंब आहेत. बाटल्या हुबेहूब सारख्या. औषधवाल्याने एकीवर ‘डोळा’ आणि दुसरीवर ‘कान’ अशी चिठ्ठी चिकटवून दिलीय. विचारत होते, सर, तिला वाचता येतं ना हो नक्की? याच एका डोळ्यावर माझं घर चालतं.
डॅशबोर्ड उघडून दाखवला. म्हटलं, वर्गात पहिली आहे तुमची लेक. डोळे झाकून औषध द्या तिच्या हाती.
हात जोडले त्यांनी. मलाच भरून आलं.

१३ ऑगस्ट
ठरवलं होतं, आज आधी मुंगीचं वाचन ऐकायचं. दिलेल्या शब्दाची खातरी असलेली बरी. पण वीस तारखेला पाहणी समिती येणार. फलक रंगवायचे राहिलेत.
गंमत म्हणजे मुंगी आपणहून सर-कोपऱ्यात आली. हातात पुस्तक. म्हणाली, सर, मला पुस्तकातलं ऐकू येत नाही. इतका हसलो! म्हटलं, वेडाबाई, पुस्तक ऐकायचं नसतं, वाचायचं असतं. टॅब दिला हातात. हिरवा रंग संपला होता तो आणायला गेलो.
उद्या नक्की.

१६ ऑगस्ट
उद्या उद्या करता आठवडा गेला. समितीनंतर नक्की.

२० ऑगस्ट
पाहणी झाली. एकंदरीत यशस्वी.
समितीत एक म्हातारे गृहस्थ होते. फक्त एकेका टॅबचा आवाज बंद करत फिरले. वेळ संपली आणि अठ्ठावीस पडद्यांवर लाल. सगळ्यांच्या माना कललेल्याच, डोळे मिटलेले, ऐकू येण्याची वाट बघत. मी म्हटलं, नेट गेलं असणार. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी आपला खडू उचलायला वाकलो.
घरी हिला सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, त्या शिंप्याच्या मुलीचं काय?
डोकं दुखतंय. उद्या जाऊन येतो.

२१ ऑगस्ट
मुंगी गैरहजर. शाळा सुटल्यावर शिंप्याचं दुकान गाठलं. बंद. ऑपरेशन झालेला माणूस दुकान उघडेल कशाला? उगाच घाबरलो. घर मागच्याच गल्लीत आहे म्हणे. इतक्या अवेळी कुणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही.
(पाच वाजले होते.)

२२ ऑगस्ट
मुंगी गैरहजर.

२३ ऑगस्ट
मुंगी आली. मधल्या सुट्टीत, दप्तराशिवाय. वडील इस्पितळात. तीन दिवस डोळ्यात कानाचे थेंब गेले. दिसेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. आग होते म्हणाले होते वडील, पण पोरीवर विश्वास. सरांनी सांगितलं होतं ना.
तिला कुणी रागावलं नाही. रिकाम्या वर्गात तिने दोन्ही बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाली, सर, तुम्ही वाचा. मला ओळखता येतं.
वाचल्या. डोळा. कान. तिने डोळे मिटून, मान कलती करून ऐकलं. मग म्हणाली, आज तुमचा आवाज कुठेच गोड झाला नाही.
चूक माझी आहे. ही ओळ लिहायला अर्धा तास लागला.
पुस्तक उघडलं. घ वर बोट ठेवलं. ती वाट बघत राहिली, मी बोलेन म्हणून. घंटा होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.
आज ऐकलेलं वाचन : मुलं एक. अक्षरं शून्य.