पिकोच्या दक्षिणेची टेकडी

४ जून २०१४, होर्ता

मिळालं! पिको बेटाच्या दक्षिणेचा समुद्रतळ मोजायचा चौकोन आपल्याच 'सांता इरिया' जहाजाला मिळाला! कॅप्टन तेल्मोंनी सकाळी नकाशा टेबलावर पसरला आणि मी चक्क ओरडले. "काय लेफ्टनंट दुल्स, लॉटरी लागली का?" म्हणाले. लागलीच की!

अडतीस वर्षं झाली, नौदलात मोजणी करत होते तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद – तिथे पाण्याखाली टेकडी आहे, माथा एकोणतीस मीटर खोलीवर. नकाशावर मात्र तिथे चारशे मीटर खोल पाणी. दर जानेवारीत नौदलाच्या नकाशा कार्यालयाला पत्र, 'पुन्हा मोजा.' आई म्हणायची, "त्या टेकडीशीच लग्न करायचं होतंत." नौदलात तर जी गोष्ट कधीच व्हायची नाही तिला 'सार्मेंतोंची टेकडी' म्हणतात. माझी बढती रखडली तेव्हाही म्हणाले! मी सार्मेंतोंचीच मुलगी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. किंवा होतं.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे झालेत. त्यांच्या डोळ्यांदेखत ती टेकडी नकाशावर आली पाहिजे. बस्स.

७ जून

लाट, लाट, लाट. जहाजाचं नाक वर उचललं की फुगे पोटाखालून वाहत येतात आणि आमचं प्रतिध्वनी ऐकून खोली मोजणारं यंत्र ठार बहिरं होतं. दिवस पाण्यात गेला.

९ जून

समुद्र निवळला. आजपासून नांगरणी – सरळ जायचं, वळायचं, शेजारच्या पट्टीतून सरळ परत यायचं. सात नॉट, त्याहून जास्त नाही. बाबांच्या काळी यंत्र बरोबर बुडाखाली एकच ठोका द्यायचं. काठी टेकवत विहीर चाचपावी तसं. दोन पट्ट्यांमध्ये आख्खं गाव बसलं असतं तरी कळलं नसतं. आमचं यंत्र दोन्ही अंगांना पंख्यासारखा आवाज पसरतं, एक खडक सुटत नाही.

शिवाय आमची म्हातारी 'सांता इरिया' आहेच गुणाची. मुळात पाणबुड्यांची चाहूल घ्यायला बांधलेली. इंजिनं रबरावर बसवलेली, जहाज ढकलणारा पंखा विजेच्या मोटरवर. जो स्वतः गप्प बसतो त्यालाच दुसऱ्याचं ऐकू येतं, असं मुख्य इंजिनिअर सांगतात आणि मग स्वतः तासभर बोलतात.

आज त्यांचं आचाऱ्याशी वाजलं. जासिन्तो मागच्या डेकवर ऑक्टोपस मऊ करायला बडवत होता. "बडवणं बंद! खाली ऐकू जातं!"

"मग चामड्यासारखा खा! आणि मासे पळाले तर बिल माझ्यावर नका फाडू!"

ऑक्टोपस खरंच चामड्यासारखा झाला होता.

११ जून

सापडली!!!

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. पडद्यावर निळं, निळं, निळं – मग कडेला हिरवट डाग – पुढच्या पट्टीला पिवळा – आणि त्याच्या पुढच्याला लालभडक! सत्तावीस मीटर! अंगणाएवढा माथा, चहूबाजूंनी सरळ कडे. मी खुर्चीवर उभी राहून नाचले. कॅप्टन आले, पाहिलं, टोपी काढली. "बाबांना माझा सलाम सांगा," म्हणाले. आणि लगेच, "चारही दिशांनी पुन्हा मोजा."

चारदा मोजली. चारही वेळा सत्तावीस. जासिन्तोला बडवायची परवानगी मिळाली.

१२ जून

उपग्रहाच्या फोनवरून बाबांना गाठलं. "सापडली!" म्हटलं.

"मासे नाहीत ना? नक्की?" माशांचा दाट थवाही यंत्रावर टेकडीसारखाच दिसतो, म्हणून.

"खडक आहे बाबा! सत्तावीस!"

"आम्हाला एकोणतीस दाखवले होते. जरा बाजूने गेलो असू." मग एकदम, "झेफेरिनो असता तर नाचला असता."

कोण झेफेरिनो? "होता आमच्या जहाजावर. यंत्रापाशी बसायचा. वारला." आणि मला विचारलं, जेवलीस का!

मी रडत होते. ते रडत होते की नाही, कळलं नाही.

१६ जून, होर्ता

टेकडीला नाव द्यायचं म्हणून अर्ज मागवला. नाव ठरलेलंच – सार्मेंतो टेकडी! आता चिडवा म्हणावं!

आणि नियम काय, तर जिवंत माणसाचं नाव चालत नाही! असले नियम कोण करतं? बाबांना सांगितलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी आधी पाच मिनिटं हवापाण्याचं बोलले. तर म्हणतात, "बरं झालं. नको माझं नाव." असे आहेत. आयुष्यभर झुरले, आणि आता संकोच!

१७ जून

युक्ती सुचली! आजोबाही सार्मेंतोच, आणि ते तर केव्हाच वारलेत! अर्जात नुसतं आडनाव लिहायचं. पुरावा म्हणून बाबांच्या जहाजाच्या १९७६ च्या मोजणीची, यंत्राने तळाची रेघ काढलेल्या कागदाची गुंडाळी जोडायची. लिस्बनच्या दफ्तरात मागणी केली, फोटो पाठवतो म्हणाले.

बाबा भडकले. "आजोबांना पोहतासुद्धा येत नव्हतं! ती गुंडाळी कशाला उकरतेस?" फोन आदळला. माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत ते. मीही हट्टी आहे म्हणा, त्यांचीच मुलगी.

२३ जून

फोटो आले. कागदावर शिखर स्पष्ट आहे. भोवती पेन्सिलीचं वर्तुळ, शेजारी बारीक अक्षर – 'टेकडी वाटते. परत फिरून पाहावं. झेफेरिनो पिमेंतेल.' त्यावर लाल शाईची फुली. 'मासे. रद्द.' खाली सही बाबांची.

फोन केला, मी बोलायच्या आधीच म्हणाले, "पाहिलंस ना? तो वळा म्हणत होता, मला बंदर गाठायची घाई होती. मी वळलो नाही. वर अहवालात लिहिलं, याला मासे कळत नाहीत. त्याला यंत्रावरून काढून गोदामात टाकलं. तिथेच संपला तो." मग म्हणाले, "झेफेरिनो मेलाय, पोरी. नियमात बसतो. लिही त्याचं नाव."